पंधरा फेब्रुवारीचा शिक्का

५ सप्टेंबर १९८८, सोमवार. धुळे

मोजणी झाली. एकसष्ट मीटर.

दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर, दोन शिपाई, लांब टेप. माणूस ज्या वाटेने चालत जातो त्याच वाटेने मोजायचं, नव्या दारूच्या दुकानाच्या दाराच्या मध्यापासून विहाराच्या दाराच्या मध्यापर्यंत, असा नियम. शिपायाने हातपंपाला वळसा घालून टेप आणली. मला ते न्याय्य वाटलं, कारण आम्ही सगळे तसेच वळून जातो. पंचाहत्तर मीटरच्या आत देऊळ, मशीद, शाळा असेल तर तिथे दुकानाला परवानगी नाही. एकसष्ट म्हटल्यावर विहाराचे जुने विश्वस्त नाना, त्यांनी टाळीच वाजवायची बाकी ठेवली.

मग इन्स्पेक्टरनी फाइल उघडली. 'विहाराचा नोंदणी क्रमांक?'

नोकरीने पोस्टमास्तर, पण विहाराचा सेक्रेटरीही मीच. पुढे झालो. 'अजून नाही.'

'अर्ज केलाय?'

'तयार आहे.'

'तयार आहे म्हणजे केलेला नाही, मास्तर.' चिडून नाही म्हणाले. उलट आवाज खाली आणला. नोंदलेला ट्रस्ट नसेल तर नियमाच्या भाषेत ते धार्मिक स्थळच नव्हे. पंचनाम्यात लिहिलं: 'मोजणीच्या टोकाला पत्र्याची एक खोली.' शाळा त्र्याऐंशीवर. म्हणजे दुकानाच्या आड काही नाही.

पंच म्हणून सही मागितली. एकसष्ट खरं, पत्र्याची खोली खरी. सही न करायला कारण सापडलं नाही. केली.

नाना घरापर्यंत माझ्याबरोबर चालले, दाराशी मागे वळले.

६ सप्टेंबर

ट्रस्ट नोंदणीचा फॉर्म कपाटातून काढला. १४ फेब्रुवारी, रविवार. सातही विश्वस्तांच्या सह्या, दोन अंगठे. तेव्हापासून इथेच. सात महिने.

अडला एका ओळीवर. 'जागा कशी व कोणाकडून मिळाली.' खरं सगळ्यांना ठाऊक आहे. ती जागा तुळसाबाईची. तिथे तिची झोपडी होती आणि झोपडीत ती हातभट्टीची विकायची. दीक्षेनंतर एक दिवस तिने मडकी फोडली, झोपडी वस्तीला दिली आणि मोलमजुरीला लागली. आता पिंपळनेरला पुतण्याकडे असते. नानांचं म्हणणं, विहाराच्या सरकारी कागदावर दारू विकणारीचं नाव नको, 'वस्तीने वर्गणीतून घेतली' असं लिही. मी म्हणालो, वर्गणी झालीच नाही, कशी लिहू. ते हटले नाहीत, मी हटलो नाही.

मार्चमध्ये तुळसाबाईला पत्र टाकलं. पुतण्याच्या अक्षरात उत्तर आलं: 'नावाचं राहू द्या, नसलं तरी चालेल. दाराला कुलूप लावू नका एवढंच.' म्हणजे तिने स्वतःच सोडलं होतं. तरी मी धरून बसलो. ते तिच्यासाठी, की सुखदेव खोटं लिहीत नाही असं लोकांनी म्हणावं म्हणून? मार्चमध्ये हा प्रश्न पडला नव्हता. आज पडला.

जूनमध्ये दारू दुकानाच्या शेठनी परवान्याचा अर्ज केला. तोपर्यंत आमची नोंदणी झाली असती.

सौ. एवढंच म्हणाली, 'फॉर्म परत कपाटात ठेवू नका.'

८ सप्टेंबर

शेठ काउंटरवर आले. पांढरा सदरा, पान नाही, तंबाखू नाही. त्यांचं स्टँडजवळचं जुनं दुकान रस्तारुंदीत गेलं. रजिस्टर पत्र होतं, वरच्या कचेरीला. मीच पावती फाडली, मीच शिक्का मारला. दुसरं कोण मारणार? आमचं पोस्ट म्हणजे मी आणि पोस्टमन दगडू.

'मास्तरसाहेब, माझ्यावर राग धरू नका. मी चोरून विकत नाही. सरकारनं सांगितलं इथून ऊठ, उठलो. सरकार सांगेल तिथं बसेन.'

'तिथं मुली अभ्यासाला येतात, शेठ.'

'मग मास्तरसाहेब, कागद करायचा होता ना.' पावती नीट घडी करून खिशात ठेवली. 'आमच्यात म्हणतात, देव मोठा, पण दस्त त्याहून मोठा.'

राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

११ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं रोजचं, ग्रंथवाचन. आमची नंदा वाचते. वाचनाआधी ती आणि वस्तीतल्या मुली तिथेच अभ्यासाला बसतात. घरोघरी एकच खोली, शिवाय बाहेर सणांचे लाउडस्पीकर. नंदाची बारावी आहे. पंधरा-सोळा मुली असायच्या. आज नऊ. दुकान उघडलं नाही, नुसता फलक रंगवायला घेतलाय, तरी सहा घरांनी पोरी थांबवल्या. रस्ता तोच, दुसरा नाही.

'बाबा, शालूची आई म्हणते, आज बाटल्या नाहीत, उद्या असतील. मग सवय मोडण्यापेक्षा आजच मोडलेली बरी.'

सतरंजी अंथरायला घेतली.

वाचनानंतर नाना वकीलसाहेबांना घेऊन आले. त्यांनी फॉर्म पाहिला, सह्यांखालची तारीख पाहिली. 'हा फेब्रुवारीतच गेला असता तर! शेठचा अर्ज जूनचा. तुमचा आधीचा दिसला, तर नोंदणी होईपर्यंत परवानगी थांबवा एवढं तरी मागता येतं. टाकल्याचा काही पुरावा नाही? पोस्टाचा साधा दाखलासुद्धा चालतो. पत्र वाटेत गहाळ झालं असं म्हणता येतं.'

नाना माझ्याकडे बघत होते. वकीलसाहेब छताकडे.

पोस्टिंगचा दाखला म्हणजे एक चिटोरा. वर पत्ता लिहायचा, साधं पत्र टाकायचं, पोस्टाने चिटोऱ्यावर तारखेचा शिक्का मारून परत द्यायचा. आमच्याकडे त्याची कसलीही नोंद राहत नाही. राहतो तो शिक्का. तो माझ्या टेबलावर असतो.

१३ सप्टेंबर

सुनावणीची नोटीस. २८ तारीख, कलेक्टर कचेरी, सकाळी अकरा.

फॉर्म नानांना नेऊन दिला. म्हटलं, ओळ तुम्ही भरा, मला दाखवू नका, आणि ताबडतोब टाका. घरी येताना हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. सात महिने धरून ठेवलं ते खरेपणासाठी असेल, तर आज सोडलं ते कशासाठी?

नाना दारातून म्हणाले, 'अन् ती दुसरी गोठ?'

दाखल्याची गोष्ट. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

१५ सप्टेंबर, गुरुवार

झालं तसं लिहितो. आज लिहिलं नाही तर उद्या वेगळं लिहीन.

पावणेनऊला ऑफिस उघडलं. शिक्क्यात आजचे आकड्यांचे खिळे बसवले: १५, ९, ८८. रोजच्या वहीत छाप घेतली. बरोबर.

मग चिमट्याने महिन्याचा ९ काढला आणि २ बसवला. वर्तमानपत्राच्या कडेवर एक छाप घेतली. १५.२.८८. फेब्रुवारीत त्या दिवशी सोमवार होता, ऑफिस उघडं होतं, मी याच खुर्चीत होतो. सह्यांची तारीख आदल्या दिवशीची. सगळं इतकं जुळत होतं की खोटं वाटेना. बघत राहिलो. किती वेळ, माहीत नाही. ती कडा फाडून खिशात घातली. इथे चिकटवली आहे.

टपालाची गाडी आली. दगडूने हाक मारली. पिशवी घ्यायला उठलो.

त्याआधी २ काढून पुन्हा ९ बसवला. असं मी सव्वाअकरापर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

सव्वाअकराला दगडू एक पाकीट घेऊन आला. 'साहेब, हाई काय शे? फेब्रुवारी?' हसत होता. माझं तोंड बघून हसायचा थांबला. पहिली पिशवी तोपर्यंत रवाना झाली होती. दोन तासांची सगळी पत्रं, तीन रजिस्टर, सगळ्यांवर फेब्रुवारी. त्या तीनांत एक पुन्हा शेठचं.

आणि दहाच्या सुमाराला नाना. जाड पाकीट, हातात चिटोरा. 'रजिस्टर करा नाना,' मी म्हणालो. 'पैसा कशाला? साधंच टाक. दाखला दे.' रांग होती. पाकिटावर एक, चिटोऱ्यावर एक. शिक्का मी मारला. पाहिलं नाही.

पाहिलं नाही, हे खरं आहे? पुन्हा पुन्हा तो क्षण डोळ्यांपुढे आणतो. हात दिसतो, शिक्का दिसतो, छाप दिसत नाही.

चुकांच्या वहीत लिहिलं: 'सकाळी ९.१० ते ११.१५ तारीख-शिक्क्यात महिना चुकीचा. अनवधानाने.' शेवटचा शब्द लिहायला फार वेळ लागला.

१६ सप्टेंबर

ऑफिस सुटल्यावर थेट नानांकडे. दाखला परत मागायला.

नाना ओट्यावर होते. गिरणी सुटून बारा वर्षं झाली तरी संध्याकाळी पाच वाजता पाय धुऊनच बसतात. मला बघून उठून उभे राहिले. माझ्यासाठी. सत्तरीचा माणूस.

'नाना, तो दाखला—'

'वकीलकडे गया.' माझा हात दोन्ही हातांत धरला. 'सुखदेव, माले वाटे, हाऊ पुस्तकना माणूस, वस्तीना काय कामना. चुकनू मी.'

'नाना, ती चूक होती. महिना चुकला शिक्क्यात.'

'हा, हा. चूकच म्हण.' डोळा मिचकावला. 'कोनी विचारं तर मी बी चूकच सांगसू.'

तीनदा सांगितलं. तीनदा त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, 'त्या ओळीत काय लिहं, विचार ना.'

मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. तुळसाबाईचं नाव. पूर्ण नाव, आणि जागा तिने दान दिली असं. पाकीट बंद करायच्या आदल्या संध्याकाळी, नातवाकडून लिहवून घेतलं.

'का, नाना?'

'म्हटलं, फॉर्म दिधा, दाखलाले बी नही म्हना नही. हाऊ पोरगा आपलासाठे काही करस, मंग मी बी एक पायरी उतरसू.' हसले. 'तू तुनं सोडं, मी मनं सोडं.'

घरी आलो. सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

'मग आता काय, त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगणार की मी काही सोडलंच नाही?'

'खरं तेच आहे.'

'तुमचं खरं सात महिने कपाटात होतं. तेव्हा नाही कोणाला विचारलं, परवडतंय का.' तव्यावरची भाकरी उलटली. 'जेवा.'

१८ सप्टेंबर, रविवार. जळगावहून परत

सकाळच्या एस.टी.ने गेलो. मेव्हण्याला विचारावं असं मनात. तो कचेऱ्यांत वावरलेला माणूस, सल्ला देतो तो उपयोगी देतो, चांगला असेलच असं नाही.

त्याने दुपारी परमिट रूममध्ये नेलं. बियर. वर्षातून एखादी घेतो, लपवत नाही, पण विहारात सेक्रेटरी म्हणून उभं राहतो तेव्हा आठवते. दिवसाचा परवाना मागितला, फॉर्म भरला, सही केली. वेटर सही बघत राहिला. मेव्हणा खुर्चीत मागे रेलून हसला. 'भाऊजी, हा फॉर्म भरणारे तुम्हीच पहिले. फ्रेम करून लावतील.'

समोरच्या गल्लीतलं दुकान दाखवलं. दार मुद्दाम बोळाकडे फिरवलेलं. आधी रस्त्याकडे होतं, देवळापासून अडुसष्ट भरत होतं. दार फिरवल्यावर चालायची वाट लांबली, सत्त्याहत्तर. 'दारू तीच, देव तोच, फक्त दार फिरलं. आणि तुम्ही एका चिटोऱ्यासाठी झोप घालवताय.'

'मी मारलेला शिक्का आहे तो.'

'चुकून मारला ना? मग झालं. तुम्ही खोटं केलं नाही. झालेलं खोटं नुसतं पुसायचं नाही. एवढं जमत नाही?'

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत हेच वाक्य. झालेलं पुसायचं नाही. किती सोपं आहे. काही करायचं नाही, गप्प बसायचं. माझ्यासारख्यासाठीच बनवलेलं पाप.

मी दारूच्या विरुद्ध आहे का? नाही. त्या रस्त्यावरच्या दुकानाच्या विरुद्ध आहे, नऊ मुलींसाठी. मग बियर पिऊन असं लिहायचा मला अधिकार आहे? आहे असं वाटतं. खात्री नाही.

२० सप्टेंबर

शेठ आले. खिशातून घडी उलगडली. पंधरा तारखेची रजिस्टर पावती.

'मास्तरसाहेब, हे बघा. शिक्का फेब्रुवारीचा. फेब्रुवारीत तर हे दुकान माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.' रांगेतले दोघे हसले. 'दुसरी द्या, नाहीतर हीच सुधारा. माझं काम कागदावर चालतं.'

त्यांना आमच्या दाखल्याचं काही माहीत नाही. त्या क्षणी सगळं एकदम दिसलं. पावती परत घ्यायची, नवी द्यायची, जुनी फाडायची. नियमाला धरून नाही, पण कोण विचारतं. मग त्या सकाळचा शिक्का बाहेर कुठे उरला? विखुरलेल्या पाकिटांवर, आणखी दोन पावत्यांवर. ती कोण जपून ठेवतं.

पेन उचललं. पावतीवर लिहिलं: 'शिक्क्यातील महिना चुकीचा, बरोबर तारीख १५.९.८८.' सही. आजचा शिक्का, तीनदा तपासून. परत दिली.

'असा माणूस पाहिजे,' शेठ रांगेला म्हणाले.

आता त्यांच्या खिशात माझ्या सहीने पुरावा आहे. २८ ला आमचा दाखला टेबलावर आला आणि त्यांनी आपली पावती शेजारी ठेवली, तर आंधळ्यालाही कळेल.

ऑफिस बंद करताना दुसरा विचार आला, तो जास्त वाईट. मी प्रामाणिकपणाने सही केली, की आता शेठच पकडतील, मला तोंड उघडावं लागणार नाही, म्हणून केली? नानांना मी फसवलं नाही, नशिबाने फसवलं, असं व्हावं म्हणून?

दोन्ही असेल.

२३ सप्टेंबर

वरच्या ऑफिसचं पत्र. 'अनवधानाने म्हणजे नेमके काय घडले याचा खुलासा आठ दिवसांत करावा.' साहेब रागीट नाहीत, पद्धतच अशी. वहीतली सकाळची छाप बरोबर, मग नंतर महिना बदलला कसा? खिळा आपोआप बदलत नाही. बरोबर विचारलंय.

तीन कच्चे खुलासे लिहिले. एकात 'खिळे साफ करताना'. खोटं. दुसऱ्यात 'कारण सांगता येत नाही'. अर्धं. तिसरा खरा, चार ओळी. तिसरा वाचला आणि नोकरी डोळ्यांपुढे आली. बावीस वर्षं. नंदाची बारावी. सौ.ला दाखवला. तिने वाचला, घडी केली, डब्याखाली ठेवला. 'आठ दिवस आहेत ना? आधी अठ्ठावीस होऊ द्या.'

ती कोणत्या बाजूची, अजून कळत नाही. बहुतेक आमच्या घराच्या.

२५ सप्टेंबर, रविवार

नानांनी दाखल्याचं सांगितलेलं दिसतं, वस्तीत माझी किंमत वाढली आहे. नळावर बायका भांडं बाजूला करून वाट देतात. किसन न्हाव्याने दाढीचं घेतलं नाही, 'तुमचं राहू द्या मास्तर' म्हणाला, जबरदस्तीने ठेवून आलो. शालूची आई म्हणे, सुनावणी आपल्या बाजूने लागली की शालू परत येणार अभ्यासाला. बावीस वर्षं यांची पत्रं आणली-नेली, मनिऑर्डरी वाचून दाखवल्या, तेव्हा मी चांगला होतो. आता मी त्यांचा आहे. हे गोड लागतं. लागतं, लिहून ठेवतो.

वाचनाआधी पंचशील. नंदा पुढे म्हणते, आम्ही मागून. चौथं: खोटं बोलणार नाही. पाचवं: मद्य घेणार नाही. रोज एकामागून एक म्हणतो. पाचवं दारात आलंय म्हणून चौथं मोडायचं. क्रम तर उलटा नाही.

चौथ्याला माझा आवाज निघाला नाही. कोणाच्या लक्षात आलं नसावं.

घरी येताना हातपंपाशी नंदा थांबली. दुकानाचा फलक तयार झाला आहे, वर पोतं टाकलंय.

'बाबा, तो दाखला खरा आहे का?'

'शिक्का खरा आहे.'

'मी शिक्क्याचं नाही विचारलं.'

थोडं चालल्यावर म्हणाली, 'दुकान आलं तरी मी जाईन तिथे. शालूला मी घेऊन जाईन. ते बघू आम्ही.' मग, 'पण तुम्ही काय ते लवकर ठरवा. तुम्ही ठरवत नाही तोपर्यंत घरात कोणाला नीट जेवताही येत नाही.'

सतरा वर्षांची आहे.

२७ सप्टेंबर

ठरवलं नाही, पण नानांना सांगायचं एवढं ठरवलं.

वाचन संपल्यावर सगळे गेले. नाना सतरंजी गुंडाळत होते, मी दुसरं टोक धरलं. चिमटा, २, वर्तमानपत्राची कडा, टपालाची गाडी. सगळं सांगितलं. शेठच्या पावतीवरची सहीसुद्धा. म्हटलं, मी तुमच्यासाठी काही केलं नाही नाना. करायला गेलो होतो, केलं नाही, आणि तरी झालं.

सतरंजी कोपऱ्यात ठेवून नाना त्यावरच बसले. मूर्तीकडे तोंड करून.

'म्हंजे तू काहीच सोडं नही.'

'नाही.'

'अन् मी तुळसानं नाव लिही टाकं.' हसले की काय, कळलं नाही. 'आते ते खोडता येत नही. पाकीट गयं.'

'खोडायचंय का?'

नाना म्हणाले, मडकी फोडली त्या दिवशी ते तिथे होते. चाळिशीच्या आतबाहेरचे. तिच्याकडची रोज पिणारे. सगळ्यांत मोठ्याने तेच ओरडले होते, की बाई, एक तरी ठेव. 'म्हनीसन तिनं नाव नको व्हतं माले. तिना नावासंगे मनं बी याद येस.'

इतके महिने मला वाटत होतं, ते तिच्या अब्रूचा विचार करतात. नाहीतर विहाराच्या.

दाराशी आल्यावर विचारलं, 'सकाळ तू बोलशी?'

'विचारलं तर.'

'अन् नही विचारं ते?'

विहाराला कुलूप नाही. दार नुसतं ओढून घेतलं.

२८ सप्टेंबर, बुधवार

कलेक्टर कचेरीचा व्हरांडा. पेन्सिलने.

सकाळी ऑफिस उघडून छाप घेतली. २८.९.८८. दगडूला दाखवली, त्यालाही वाचायला लावली. 'बठ्ठं बरोबर शे साहेब, जा.' बदलीच्या माणसाला चार्ज दिला. अर्ध्या दिवसाची रजा. खरा खुलासा सौ.ने डब्याखालून काढून माझ्या खिशात घातला. हे हो आहे की नाही, तिने ठरवलं की माझ्यावर सोडलं, कळलं नाही.

आमचा नंबर चौथा. समोरच्या बाकावर शेठ, मांडीवर रेक्झिनची पिशवी. मला बघून नमस्कार केला. मीही केला.

वकीलसाहेब आले. 'मास्तर, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही पोस्टाचे, तुमचं बोलणं जड पडेल. विचारलं तरच.' दाखल्यासाठी फाइल उघडली. चाळली. पुन्हा चाळली. 'नाना, चिटोरा कुठाय?'

नाना म्हणाले, 'सकाळमा तुमना कारकूनकडथून मीच लिधा. शे मनाजोडे.' वकीलसाहेबांनी हात पुढे केला. नानांनी दिला नाही. 'वखतवर काढसू.'

वकीलसाहेब चिडून आत बघायला गेले.

तिसरा नंबर आत गेला. कुठल्यातरी धाब्याचं प्रकरण, आवाज बाहेर येतोय. अंतर मोजताना टेप नाल्यावरून नेली की पुलावरून, यावर भांडण.

नानांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून दाखला काढला. घडीवर घडी. घामाने ओलसर, तरी शिक्का स्वच्छ दिसतो. मी मारलेल्या शिक्क्यांत इतका स्वच्छ क्वचितच उठतो. माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली.

'हाऊ तुना शे. काढना व्हई ते तू काढ. नही ते नको काढू. मी काही म्हननार नही.'

'आणि दुकान, नाना?'

'नंदा म्हने, त्या पोरी येतीस.' खांदे उडवले. 'तुळसा एकलीच व्हती. आपण बठ्ठा शेत.'

आपण सगळे आहोत, हे ते मनापासून म्हणाले की मला सोपं जावं म्हणून, विचारायला वेळ नाही. डाव्या मुठीत दाखला. वरच्या खिशात खुलासा. शेठ पिशवीची चेन उघडून कागद लावताहेत, वर पावती दिसते, त्यावर माझी सही.

धाबेवाला बाहेर आला. शिपायाने वस्तीचं नाव पुकारलं. नाना उठले. मी मूठ मिटलेली ठेवून उजव्या हाताने खुलासा काढतो, आणि उठतो.